फेब्रुवारीची सहामाही

तिचा नियम एवढाच होता. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. बस.

तिच्या घरी कलिंगड कापताना मी पाहिलंय. ऑपरेशनच्या खोलीतही इतकी शांतता नसेल. सुरी थोरल्याच्या हातात. तो आधी फळाभोवती दोरी गुंडाळायचा, तिची घडी घालून मध्य काढायचा, पेन्सिलीनं खूण करायचा आणि मगच पातं टेकवायचा. धाकटा टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून बसलेला. दोन भाग झाले की तो डावीकडून बघायचा, उजवीकडून बघायचा, आणि केसभर मोठा असलेला भाग नेमका ओढायचा.

"आई, हा दर वेळी मोठं घेतो!"

"मग सारखं काप."

"सारखंच कापलंय!"

"मग रडतोस कशाला? सारखंच आहे ना?"

थोरल्याकडे याला उत्तर नसे. खरं म्हणजे कुणाकडेच नाही. ज्यानं कापलं त्याला दोन्ही भाग सारखे वाटणार, कारण त्यानंच केले. ज्यानं उचललं त्याला आपला भाग सरस वाटणार, कारण त्यानंच निवडला. वजनकाटा नको, पंच नको, आईनं मध्ये पडायला नको. केक असो, खिडकीजवळची जागा असो, सुट्टीतली घरकामं असोत, त्या घरात सगळं याच नियमानं वाटलं गेलं. तिला त्याचा केवढा अभिमान! शेजारणी मुलांना धपाटे घालायच्या, ही सुरी हातात द्यायची.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती गणित शिकवायची, मी इतिहास. मुलांनी तिचं नाव 'कशावरूनबाई' ठेवलं होतं. बाई, आज फार उकडतंय. कशावरून? बाई, मी अभ्यास केलाय. कशावरून? आम्ही शिक्षिका तिला नुसतं 'कशावरून' म्हणायचो आणि तीही ओ द्यायची. नवरा पोस्टात होता, मुलं लहान असतानाच गेला. मागे भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुलगे आणि ही. तिला रडताना मी पाहिलं नाही. तिला वेळ नव्हता.

मला गणिताचा लहानपणापासून तिटकारा. पण तिचं गणित फळ्यावरचं नव्हतंच. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता म्हणाली, "या शहरात दोन माणसं अशी नक्की आहेत की दोघांच्या डोक्यावरचे केस अगदी सारखे. एकसुद्धा कमी-जास्त नाही."

"मोजून आलीस वाटतं?"

"मोजायचे कशाला? डोक्यावर केस असतात लाख-दीड लाख. फार तर दोन लाख धर. शहरात माणसं दहा लाख. प्रत्येकाला वेगळा आकडा द्यायला गेलीस तर आकडे संपतील, माणसं उरतील. मग कुणाला तरी दुसऱ्याचाच आकडा द्यावा लागणार."

"मला ती दोन माणसं दाखव. मग मानते."

तिनं दाराकडे मान वळवली. व्हरांड्यात मुख्याध्यापक आणि शाळेचा शिपाई बोलत उभे होते आणि दोघांची टकलं उन्हात चकाकत होती.

"शून्य आणि शून्य," ती म्हणाली. "झालं सिद्ध?"

मला असा ठसका लागला की मुख्याध्यापक स्वतः पाणी घेऊन आले.

रस्त्यानं चालताना तिचं हेच. गटाराचं झाकण गोल का? चौकोनी झाकण तिरकं धरलं तर आपल्याच भोकातून खाली पडतं, गोल कसंही धरा, पडत नाही. कॅलेंडर हाती लागलं की विचारू नका. चार एप्रिल, सहा जून, आठ ऑगस्ट, दहा ऑक्टोबर, बारा डिसेंबर, या सगळ्या तारखा दर वर्षी एकाच वारी येतात. खोटं वाटतं तर भिंतीवर बघा, मीही उठून बघितलं होतं. आणि वर्गात दोन मुलं भांडली की ती फळ्यावर ३६ लिहायची. "बघा, तीन आणि सहा पाठ फिरवून बसलेत." मग तेच आकडे उलटे लिहायची, ६३. "आता समोरासमोर. जागा बदलली, बाकी काही नाही. चला, जागा बदला."

तिच्या स्वतःच्या मुलांचा छत्तीसचा आकडा मात्र तिला फिरवता आला नाही. थोरला विमा कंपनीत मोठ्या खुर्चीवर गेला, धाकट्यानं चष्म्याचं दुकान काढलं. दोघांची लग्नं झाली आणि कुठल्याशा बारशापासून बोलणं बंद. कारण मी दोन्ही सुनांकडून ऐकलं आणि दोन्ही वेळा वेगळं ऐकलं, तेव्हा ते सोडा. शहराच्या दोन टोकांना दोन घरं, आणि मध्ये आपल्या दोन खोल्यांत ही, एकटी आणि मजेत.

मग ती जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण एकटं राहणं बंद. घरमालक टपलेलाच होता. मुलांनी खोल्या सोडायचं ठरवलं. तिला विचारलं का? तिला कळवलं.

मग आई कुणाकडे, एवढंच ठरायचं राहिलं. ती बैठक तिच्याच बाहेरच्या खोलीत झाली. मी चहा टाकायला म्हणून गेले होते आणि मुद्दाम रेंगाळले. कित्येक वर्षांनी दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. छत्तीसचे त्रेसष्ट झाले म्हणायचे! ती मध्ये खुर्चीत, काठी मांडीवर आडवी.

"आई, तुझ्याच नियमानं करू या," थोरला हसत म्हणाला. "म्हणजे तक्रारीला जागा नको. मी वर्ष कापतो. जानेवारी ते जून एक भाग, जुलै ते डिसेंबर दुसरा. हा उचलेल."

त्या दिवशी त्यानं दोरी आणली नव्हती. सहा आणि सहा, झालं.

धाकटा उठला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मांडीवर घेतलं आणि एकेक पान उलटू लागला. ओठ हलत होते. मला आधी वाटलं, आईला थंडी कुठं सोसेल, उन्हाळा कुठं बरा पडेल, ते बघतोय. मी म्हणजे अशी भाबडी!

"जानेवारी ते जून माझे," तो म्हणाला.

"का रे?" थोरल्यानं विचारलं.

"असंच."

"असंच कसं? बघू ते कॅलेंडर."

उत्तर तिनं दिलं. अगदी वर्गातल्या आवाजात. "त्या सहामाहीत फेब्रुवारी आहे. तीन दिवस कमी भरतात." आणि धाकट्याकडे वळून, "शाबास. बरोबर उचललंस."

मी ओट्याशी उभी होते. चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

थोरला खवळला. "हे काही खरं नाही. मग एक जुलै तुझ्याकडे घे, म्हणजे निदान..."

"दादा, नियम म्हणजे नियम. कापलंस तू. आता रडायचं नाही."

"तीन दिवसांसाठी आईसमोर इतका कोतेपणा?"

"मग ते तीन दिवस तू घे ना हौसेनं!"

"थांबा," ती म्हणाली. "हा नियम दोन माणसांचा आहे. इथे तीन आहेत. तिघं असली की त्याचा उपयोग नाही, दुसरी रीत लागते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "तिसरं कोण?"

"मी."

धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, अगं, तू वाटणीत नाहीस. तू म्हणजे..." आणि अडला.

"कलिंगड," तिनं वाक्य पुरं केलं. "चहा घ्या."

त्यांनी घेतला. दोन-दोन बिस्किटंसुद्धा खाल्ली.

ते दोघे गेल्यावर मी तिला म्हटलं, "माझ्या घरी चल. मागची खोली रिकामी आहे. मला मूल ना बाळ, विचारणारं कुणी नाही."

"नको. दोन मुलगे असताना मैत्रिणीकडे राहिले तर लोक त्यांना नावं ठेवतील."

"ठेवू देत की!"

"आणि नियम माझा आहे गं. मीच मोडू?"

कपाळ माझं. माणसानं तत्त्वाचं असावं, पण इतकं?

तर अशी ती सहामाहीनं राहू लागली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. खायला मिळत होतं, खोटं कशाला बोलू. पण धाकट्याच्या घरी तिचं कपाट नव्हतं, कारण जूनपर्यंतच तर राहायचं, मग कपाट कशाला? थोरल्याकडे कपाट होतं, त्यात घरच्यांचे इस्त्रीचे कपडे होते. दोन्हीकडे तिची पिशवी पलंगाखाली.

वाटणी झाली, पण शिवणीवर भोक राहिलंच. तीस जून धाकट्याचा, एक जुलै थोरल्याचा. धाकटा तीस तारखेला दुपारचं जेवण झालं की म्हणायचा, दिवस संपला. थोरला म्हणायचा, माझा दिवस सकाळी सुरू होतो. मधली रात्र कुणाची? माझी. धाकटा तिला दुपारी माझ्या दारात सोडायचा, थोरला दुसऱ्या दिवशी नाश्ता करून न्यायला यायचा. डिसेंबरअखेर तेच, उलट्या दिशेनं. लीप वर्षी तर कहर झाला. धाकट्याचा फोन आला, "मावशी, यंदा फेब्रुवारीत एक दिवस जास्त आहे. तो हिशेबात नव्हता. तेवढा दिवस आईला तुमच्याकडे..." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिला ठेवून घेतलं.

त्या दिवशी ती माझ्या गॅलरीत बसून म्हणाली, "मी वर्षानुवर्षं शिकवलं की रेषेला जाडी नसते. असते. त्या जाडीत एक पलंग मावतो."

मध्येच एकदा थोरल्या सुनेची तक्रार आली. "मावशी, तुम्हीच सांगा आईंना. मुली केकवरून भांडत होत्या. मी म्हटलं, आजीला विचारा, आजीचा नियम आहे ना? तर आई म्हणाल्या, भांडा. जी जिंकेल तिनं खावं. मोठ्या माणसानं असं शिकवायचं का?"

मी फोन ठेवून पोटभर हसले. मग तिला विचारलं, असं का म्हणालीस?

"भांडणाऱ्याला निदान ती गोष्ट हवी असते," ती म्हणाली. "तो नियम हव्याशा गोष्टीला चालतो तसाच नकोशा गोष्टीलाही चालतो. तितकाच चोख. त्याला फरक कळत नाही. पोरांना मी निवडायला शिकवलं, काय मोठं ते ओळखायला शिकवलं. बाकीचं आपोआप येईल असं धरून चालले."

"कशावरून?" मी विचारलं.



पुढच्या वर्षीच्या तीस जूनला ती नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. एक जुलैला थोरल्याची गाडी आली नाही, फोन आला. "मावशी, आम्ही सगळे बाहेरगावी निघालोय, आठवडाभर आईला ठेवाल?" आठवड्यानंतर घराचं रंगकाम निघालं. रंगानंतर मुलींच्या परीक्षा. मग फोन विरळ होत गेले. शेवटचा असा, "तिकडे ती रमलीय ना? मग आता म्हाताऱ्या माणसाला कशाला हलवायचं?" किती काळजी!  तिनं पलंगाखालची पिशवी उघडली नाही. कपाट मी रिकामं करून दिलं होतं, तरी नाही. दर सकाळी आंघोळ करून, केस विंचरून खिडकीशी बसायची. गाडीची वाट बघत नव्हती, असं मला सांगायची.

अशी थोरल्याची आख्खी सहामाही माझ्याकडे गेली. भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे धाकट्याला पत्ताच नव्हता. एक जानेवारीला त्याचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवते. ती समोर मटार सोलत होती.

"मावशी, दादानं आईला सोडलं का तुमच्याकडे? मी उद्या येईन म्हणतो."

"सोडायला नेलं तर पाहिजे. ती जूनपासून इथेच आहे."

 "म्हणजे दादानं सहा महिने एकदाही नेलं नाही?"

"एकदाही नाही."

"काय माणूस आहे! स्वतःच्या आईला!" त्याचा आवाज चढला, आणि खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, पोरगं आईसाठी चिडलं. तिचेही हात थांबले होते.

"मग मीच काय म्हणून न्यायचं?" तो पुढे म्हणाला. "त्याचा वाटा शून्य, तर माझाही शून्य. सारखं नको का, मावशी?"

मी फोन बंद केला. काही सुचेना, म्हणून मटाराची सालं गोळा करू लागले.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे?" मी खेकसले.

"शून्य आणि शून्य. कुणाचाच वाटा मोठा नाही. माझा नियम इतका चोख आजपर्यंत कधी चालला नव्हता." तिनं आणखी एक शेंग उघडली, दाणे भांड्यात टाकले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि तुझं काय? तू कोणती सहामाही घेतेस?"

"मला गणित येत नाही," मी म्हटलं, आणि तिची पिशवी पलंगाखालून ओढून काढून रिकाम्या कपाटासमोर उघडली.