एका पडद्यावरचे दोन शिपाई

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका हॉटेलवाल्याशी भांडत होतो. तो माझे चार जुने फ्रीज जवळजवळ फुकटात मागत होता आणि मी त्याला दुकानाचा दरवाजा दाखवत होतो. "भावोजी, सुनंदा बोलतेय. हे सकाळी गेले. चहा मागितला, मी घेऊन आले, तोवर..." सुनंदावहिनी म्हणजे विनायकची बायको. आठ वर्षांनी त्या घरातून मला फोन आला होता. त्या क्षणी मनात काय आलं ते खरं सांगतो. दुःख नाही आलं. असा कसा गेला, अजून आमचं भांडण संपलेलं नाही, हे आलं. आठ वर्षं मी त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट पाहत होतो. "शरद, माझं चुकलं." एवढंच. आणि हा माणूस ते न बोलता निघून गेला. हॉटेलवाल्याला फ्रीज त्याच्याच भावात दिले. माझ्या धंद्यात असं कधी झालेलं नाही.

विनायक आणि मी रेल्वे कॉलनीत वाढलो. दोघांचेही वडील जळगावकडून बडोद्याला नोकरीसाठी आलेले. तो शिकला, एका मोठ्या कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायच्या खात्यात लागला. मी शिकलो नाही. पाणीगेटला फुटपाथवर जुने पंखे विकायला बसलो आणि घासाघीस करत करत अलकापुरीत दुकान घेतलं. कुणी मला हात दिला नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. विनायक जवळ असला की हळूच म्हणायचा, "पंखे दुरुस्त कोण करून द्यायचं रे?" असल्या वेळी बोलायची त्याला फार हौस.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भावनगरकडे अलंगला जहाजं तोडतात. तिथल्या रस्त्याला जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत. गाद्या, कपबशा, फ्रीज, काय हवं ते. मी महिन्यातून एकदा जायचो. एकदा विनायक सुट्टी काढून बरोबर आला. एका दुकानात गाद्यांच्या ढिगामागे माणसाएवढं लाकडी कपाट होतं, त्यात काचेमागे टीव्ही आणि खाली दोन दांडे. जहाजावरच्या खलाशांच्या करमणुकीचं व्हिडिओ गेमचं मशीन. दुकानदाराला ते काय आहे याचा पत्ता नव्हता. मी तोंड वाकडं करून, "लाकूड तरी बरं आहे का बघू," असं सुरू केलं होतं. तेवढ्यात हा मागून ओरडला, "शरद! अरे ही इकारी वॉरियर्स आहे! ही हिंदुस्तानात बघायला मिळत नाही रे!" दुकानदार हसला. "लई जाओ भाई, तमारा दोस्तने गमी गयुं छे," म्हणाला, म्हणजे दोस्ताला आवडलंय तर घेऊनच जा, आणि भाव तिथल्या तिथे दुप्पट केला. मी तीनदा दुकानातून उठून गेलो, तीनदा परत आलो, तरी तो तसूभर हलला नाही. सौदा करताना चेहरा दगडाचा ठेवायचा असतो, हे मी विनायकला आयुष्यभर शिकवलं. दगडावर पाणी.

ते मशीन टेम्पोतून आणलं आणि अलकापुरीत एका इमारतीच्या तळघरात आम्ही भागीत व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. तो सकाळची पाळी करून दुपारी यायचा. बाकीची मशीनं मुंबईच्या एका माणसाकडून भाड्याने आणली. निवड विनायकची. त्याला एकाच जातीचे खेळ आवडायचे. वरून, घारीच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं मैदान, खाली छोटासा शिपाई, आणि गोळ्या झाडत, बॉम्ब फेकत वर वर जायचं. 'कमांडो' सगळ्यांना ठाऊक होता, त्याला गर्दी. 'मर्क्स' तिघांनी मिळून खेळायचा, त्यालाही बरी. पण 'आउट झोन' नावाचं एक मशीन त्याने आणलं, त्याला कुत्रं विचारत नव्हतं. त्यातल्या शिपायाची शक्ती आपोआप उतरत जाते. रेंगाळलास की मेलास. रेंगाळणं हा विनायकचा स्वभावच, तेव्हा सगळ्यात लवकर तोच मरायचा आणि मान डोलावून म्हणायचा, "काय डोकं लावलंय बघ बनवणाऱ्याने!" मी म्हणायचो, "आपण पार्लर चालवतोय की कौतुकाचं दुकान?"

पण त्याचा जीव अलंगच्या मशीनवर. त्याचे दांडे वेगळे होते. पुढेमागे ढकलायचे आणि शिवाय मुठीत धरून पिळायचे. ढकलाल तिकडे शिपाई चालतो, पिळाल तिकडे बंदूक वळते. म्हणजे पाय पश्चिमेला आणि गोळी पूर्वेला. लोकांना ते कळायचं नाही. मग हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून, "नळ फिरवतो तसं फिरव, भाई, नळ!" पुढे एक दांडा आतून तुटला. तो सुटा भाग मिळणार कुठे? त्या सुमाराला त्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि जुनी पॅनेलं भंगारात निघाली. त्यांत बारा ठिकाणचं तापमान पाहायचे फिरते स्विच असत, बारा घरांचे. विनायकने रीतसर चिठ्ठी करून तसला एक आणला आणि दांड्याखाली बसवला. बंदुकीलाही नेमक्या बाराच दिशा. त्या दिवशी तो नाचायचाच बाकी होता.

आम्ही दोघं रोज एक डाव खेळायचो. तो लाल शिपाई, मी निळा. पडदा एकच, आणि तो वर सरकायचा तो दोघं वर गेले तरच. एक मागे राहिला तर दुसरा वरच्या कडेला अडकतो, आणि शत्रू नेमके तिथूनच येतात. आता या खेळात गोळ्या मोजक्या मिळतात, वाटेत पडलेल्या वेचाव्या लागतात. विनायक एकही सोडायचा नाही. मी वर अडकलेला, तीन बाजूंनी मार खातोय, आणि हा खाली कोपऱ्यात बाजार करतोय.

"अरे, चल ना वर!"

"ऊभो रहे ने, शऱ्या. एक राहिलंय."

"मेलो ना मी!"

"पळतोस कशाला मग एकटा?"

मी दांडा आपटायचो. रोज. तो दुरुस्त करायचा. शेवटच्या फाटकाजवळ गोळ्या संपल्या की मला त्याच्याच मागे लपावं लागायचं, हे खरं. पण म्हणून तो बरोबर होता असं मी आजही म्हणणार नाही.

मग मारामारीचे खेळ आले. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना बडवणार. सगळं बडोदं त्यांच्यामागे वेडं झालं. मुंबईच्या माणसाला आमचं अलंगचं मशीन आवडलं होतं. त्याच्या बदल्यात तो मारामारीची दोन नवी मशीनं द्यायला तयार झाला. एकास दोन! तीन आठवडे टेलिफोनवर झुंजून मी तो सौदा जमवला होता. तो माणूस टेम्पो घेऊन दारात आला आणि विनायक मशीनपुढे उभा राहिला. "नाही द्यायचं."

"का?"

"आप्पासाहेब चौथ्या फाटकापर्यंत आलेत."

आप्पासाहेब म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. त्यांचे आजोबा संस्थानात सुभ्याचे अधिकारी होते. ते स्वतः कचेरीतून निवृत्त. रोज तीन वाजता धुतलेलं धोतर नेसून यायचे आणि एक डाव खेळायचे. वर्षभर चौथं फाटक काही त्यांना ओलांडता आलं नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या फाटकासाठी सौदा मोडायचा! मी ओरडलो. विनायक शांतपणे म्हणाला, "त्या नव्या खेळात दोघं एकमेकांना मारतात, शरद. यात दोघं एका बाजूला असतात."

"गिऱ्हाईक नाणं टाकतं. बाजू विचारत नाही."

"मी विचारतो."

मुंबईवाल्यासमोर माझी ही शोभा. मी निळ्या शिपायाचा दांडा दोन्ही हातांनी धरून असा वाकवला की तो आडवाच झाला, आणि भागीतून बाहेर पडलो. शेजारच्या तळघरात मारामारीची मशीनं आली, आणि दिवाळीच्या आत आमचं पार्लर बंद झालं. मी म्हणालो होतो तसंच. विनायकने ते मशीन हातगाडीवर घालून बडोद्यातच अकोट्याला घरी नेलं, एवढं कानावर आलं. नंतर लग्नाकार्यात तो दिसायचा. मी पंगत बदलायचो. तोही कधी उठून माझ्याकडे आला नाही.

महिनाभराने वहिनींनी अकोट्याला बोलावलं. "मागची खोली रिकामी करायची आहे, भावोजी. त्या मशीनचं काय ते तुम्हीच बघा. भाव करायचा तर तुमच्यासारखा..." त्या थोडं हसल्या. मी आप्पासाहेबांचं विचारलं.

"इथेही यायचे की रोज. रिक्षाने."

"ओलांडलं का फाटक?"

"छे हो. गुडघे गेले, मग येणं थांबलं."

झालं! म्हणजे तेही नाहीच. मी चरफडत मशीनचं मागचं दार उघडलं, आतलं सामान काय लायकीचं आहे ते पाहायला. आत खिळ्याला सुतळीने बांधलेला एक जाड कागद लटकत होता. कारखान्यात प्रत्येक उपकरणाला असा कागद असतो म्हणे. तारीख, बिघाड, कारण, इलाज, सही. विनायकचं बारीक, सरळ अक्षर. बिघाड: दांडा सैल. कारण: शरद चिडला. इलाज: स्क्रू आवळले. पुढे बिघाड: दांड्याची मूठ तडकली. कारण: शरद चिडला. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. एका ठिकाणी, शरद चिडला, खेळातल्या टँकमध्ये मी आधी बसलो म्हणून. वहिनी पाठीमागून वाचत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग टेम्पो आला होता त्या दिवसाची तारीख. बिघाड: निळा दांडा वाकला. इलाज: सरळ केला. कारणाचा रकाना त्याने कोरा सोडला होता. सगळ्या कागदात तेवढाच कोरा.

त्याखाली दर सहा महिन्यांनी एक ओळ, आठ वर्षं, सगळ्या सारख्या. निळी बाजू वापरात नाही. तपासली. तेल दिलं. निळी बाजू वापरात नाही. तपासली. तेल दिलं. शेवटची ओळ तो जायच्या दोन महिने आधीची होती.

मी पुढे आलो आणि निळा दांडा मुठीत धरून पिळला. बाराही घरं टकटक करत एकामागून एक गेली, कुठे अडकलं नाही. अकोट्याहून माझं दुकान स्कूटरवर दहा मिनिटं. फोन त्याच्या घरात होता, माझ्याही दुकानात होता. माणसाने फोन करायचा की तेल देत बसायचं? वहिनी विचारत होत्या, "किती येतील भावोजी याचे?" आणि मी तो दांडा उलटा फिरवत होतो, इतका राग आला होता मला त्याचा.