छातीवरचं अस्वल

पिकल्या सीताफळांचा वास आला की पाटोद्याच्या बाजारातली ती दुपार आठवते. मी सतरा वर्षांची होते. फळवाल्या रशीदचाचांच्या गाड्याजवळ बसल्या बसल्या झोप लागली आणि छातीवर पुन्हा तेच अस्वल येऊन बसलं. डोळे उघडे होते, पण हात हलेना, आवाज फुटेना. अंग मोकळं झाल्यावर मी अस्वलाचं सांगितलं, तशी सोबतची आई रडायला लागली, "हिला बाहेरची बाधा हाय."

"न्हाई ताई, झोपेचा आजार हाय," चाचा म्हणाले. "माझ्या भावालाबी असंच दिसायचं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आता लई बरा हाय."

तोवर मला वाटायचं, मी वेडी होत चालले आहे. असं आणखी कुणाला होतं, हेच ठाऊक नव्हतं.

आता गोळ्या घेते, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं झोपते आणि उठून पाचवीच्या वर्गाला गणित शिकवते.