सरळ वाटेला आलेलं पोट

फाट्यापासून आमच्या घरापर्यंतची वाट लांबलचक आहे. ती डांबरी करायची तर घर विकावं लागलं असतं, आणि मग वाट हवी कशाला? तालुक्याला पाडलेल्या एका इमारतीचा राडारोडा फुकट मिळाला, तो पसरून वर रोलर फिरवला. कुणाच्या न्हाणीघराच्या गुलाबी फरशीवरून, कुणाच्या ओट्याच्या कडाप्प्यावरून आम्ही ऐटीत ये-जा करू लागलो.

महिन्याभरात वरची माती उडाली आणि वाटेच्या मधोमध एक टाइल डोकावली. तिच्यावर गणपती! जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी पान खाऊन थुंकू नये म्हणून लावतात ना, त्यातला.

दूधवाले आबा मोटरसायकलवरून उतरले. "देवावरनं गाडी घालू व्हय?" म्हणत त्यांनी ती बाजूच्या गवतातून ढकलत नेली. मागून गॅसचा टेम्पोही तसाच गेला. आठवड्याभरात आमच्या सरळ वाटेला पोट सुटलं, अगदी गणपतीसारखं.

शेवटी मी टाइल उकरून काढली, धुऊन देवघरात ठेवली आणि खड्डा बुजवला. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा गवतातूनच!

"आबा, देव घरात नेला की!"

"देव नेला, पण जागा त्याचीच न्हवं?"

मला हसू आलं. देव उठून गेला तरी माणसं त्याच्या जागेला वळसा घालतात!

संध्याकाळी स्कूटर काढली. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, तरी हँडल आपोआप गवताकडे वळलं. तोंडात पान होतं. थुंकायला थेट फाट्यापर्यंत थांबलो.