पाटलांच्या ओसरीवरची खुर्ची

भाचे-पुतणे जमले की माझ्याकडं आफ्रिकेच्या गोष्टीची फर्माईश होते. मी आफ्रिकेत कधी गेलो नाही. यवतमाळच्या पुढं नागपूर, तिथं माझं जग संपतं. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेवढ्या भांडवलावर घरात शहाणा म्हणून मिरवत आलो.

साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेजात आमचे सर वर्तमानपत्र घेऊनच वर्गात यायचे. आफ्रिकेतला एखादा देश स्वतंत्र झाला की भिंतीवरच्या नकाशात जुन्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायचे. नवं नाव लिहायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर चांगलं. सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: कागद हातात आला की आधी विचारायचं, हा कुणी लिहिला आणि यात कोण नाही? चाचणी परीक्षेत मी झकास उत्तर लिहिलं. तिकडच्या रेल्वेसाठी डोंगर ज्यांनी खणले त्यांची नावं साहेबांच्या दप्तरात का सापडत नाहीत, यावर चार पानं. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. आठवडाभर मी जमिनीवर नव्हतो.

त्याच उन्हाळ्यात दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. तिथं वाचायला गावाचा इतिहास हवा होता. पाटलांनी मला बोलावून ओसरीवर खुर्ची दिली. आमच्या घरातलं कुणी त्या ओसरीवर खुर्चीत बसलेलं नव्हतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, बाबांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावकीची सगळी कामं सोडली. पण त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती. मला दिली, आणि मी बसलो. कपबशीतून चहा प्यालो आणि पाटलांनी पुढ्यात ठेवलेल्या जुन्या कागदांवरून तीन दिवस इतिहास उतरवला. शाळेला जागा कुणी दिली, शाळेची विहीर कुणी बांधली, सगळं पाटलांच्या घराण्याच्या नावावर, सुवाच्य अक्षरात.

समारंभाला बाबा धुतलेलं धोतर नेसून मांडवात पुढं बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून माझ्या तोंडाकडं बघत होते. विहिरीचा उल्लेख आला तसे सरसावून बसले. मी पुढचं वाचत गेलो. टाळ्या पडल्या.

घरी येताना म्हणाले, "त्या विहिरीत मी उतरलतो, बाबू. मी अन् माहा मोठा भाऊ, तुहे मोठेबाबा. पाणी लागलं अन् आमाले वर काढलं. मंग तिचा दोर आमच्या हाती कधी देल्ला नाही."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकत होतो. आणि चार पानं लिहिणारा मी काय बोललो?

"कागदात नव्हतं, बाबा."

बरंच चालल्यावर त्यांनी विचारलं, "तू ज्यायचं शिकून राह्यला, त्या आफ्रिकेतल्या लोकायचं आता कोण लिहिते?"

"त्यांचे तेच लिहायला लागलेत."

"मंग त्यायचं बरं हाय," म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

तो इतिहास शाळेच्या कपाटात अजून आहे. अक्षर फार सुंदर आलंय.