होडीतला 'पुरे'

सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये दुपारचा वारा सुटला, की शामकांत देवस्थळी खुर्चीतल्या खुर्चीत तरंगायला लागत. निवृत्त मरीन इंजिनिअर माणूस. पायाखालची जमीन थोडी हलती असलेलीच त्यांना आवडे.

जहाजावरच्या पंपांची गणितं सोपी व्हावीत म्हणून त्यांनी एकेकाळी एक प्रोग्रामिंगची भाषा रचली. नाव 'होडी'. बघता बघता ती बंदरोबंदरी आणि नाविक शाळांत पसरली. तिच्यात मराठी आज्ञा एकच. हे घरी गणितं मांडत बसले, की विद्याबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "पुरे आता! भात गार होतोय." म्हणून चालतं काम थांबवायला त्यांनी रोमन अक्षरांत 'पुरे', म्हणजे pure, हा शब्द घातला. जगभरची पोरं त्याला 'प्युअर' म्हणू लागली. नवराबायको पोट धरधरून हसले होते.

आता विद्याबाई नव्हत्या आणि होडी शामकांतांच्या एकट्याच्या कुलपात होती.

"बाबा, ओपन सोर्स करून टाका, कुणालाही बदलता येईल अशी," त्यांची मुलगी चैताली म्हणाली. "तुमच्यानंतर ती दुरुस्त कोण करणार?"

"आणि कुणी आईचा शब्द काढला तर? बारभाईंचा कारभार तो!"

"काढतीलही. पण कुलपात ठेवलीत तर होडीच बुडेल, बाबा."

 जड हाताने शामकांतांनी होडी सगळ्यांना खुली केली.

आणि झालंही तसंच. पहिलीच सूचना आली: 'प्युअर' गोंधळात टाकतो, त्याऐवजी 'स्टॉप' करू या. शामकांत कीबोर्डपाशी बसले. उत्तरात लिहायचं काय? माझी बायको असं म्हणायची, म्हणून? विचार करता करता त्यांचा डोळा लागला. स्वप्नात समुद्र होता, अगदी शांत, आणि पाण्यावरून भाताचा वास येत होता.

चैतालीने हलवून उठवलं. "बाबा, वाचला शब्द! मनिलाचा एक इंजिनिअर म्हणतो, आम्ही जहाजावर काम थांबवताना तोंडानेही प्युअरच म्हणतो. मग सगळेच त्याच्या बाजूने उठले. सूचना मागे घेतली."

"मला कुणी विचारलं नाही?"

"तुम्ही झोपला होतात."

शामकांतांनी कीबोर्ड ओढला. 'या शब्दाचा खरा उच्चार' एवढं लिहिलं आणि बोटं थबकली. कुठल्या कुठल्या समुद्रावर, न पाहिलेली माणसं विद्याच्या शब्दाला थांबत होती. त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं. म्हणू देत प्युअर, ते पुटपुटले, आणि लहान मुलासारखे रडले.