अबोल्यातली वास्तुशांत

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पारनेरच्या अलीकडे मळ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. मळा आपला म्हणायचा. विहिरीत चिमणी बुडेल एवढंही पाणी नव्हतं. दगड मात्र भरपूर होते. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि घरी आलं की स्वतःच्या भिंतीला दगड वाहायचे.

घर उभं राहत होतं तेव्हा मी नवऱ्याशी बोलत नव्हते. संक्रांतीनंतर एके दिवशी खडीवरून आले तर गोठ्यात माझी गाय नाही. माझी म्हणजे लग्नात वडिलांनी मला दिलेली. नवऱ्यानं ती हाकत बेलापूरला माझ्या नणंदेकडे नेली होती. तिकडे पाटाचं पाणी, उसाचं हिरवं वाढं. गाय जगावी म्हणूनच नेली, हे मलाही कळत होतं. पण मला विचारलं नाही. चार दिवसांनी तो परत आला आणि भाकरी खायला बसला, तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, माजी गाय दारात येईस्तवर मी ह्यांच्याशी बोलनार न्हाई."

त्यांनी मुलाकडे बघितलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," तो म्हणाला आणि कालवण मागून घेतलं.

तेव्हापासून आमचा सगळा संसार सासूबाईंच्या तोंडून चालला. मीठ संपलं, सरपण सरलं, सगळं त्यांना सांगायचं. कधी कधी त्या वैतागायच्या. "त्यो हितंच हाय गं. भैरा न्हाई झाला अजून."

वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखातला निघाला. सासूबाईंनी मला आधीच बजावलं की नव्या घरात वाईट बोलायचं नाही, वास्तुपुरुष प्रत्येक शब्दाला तथास्तु म्हणतो. अबोल्याला तो काय म्हणतो, हे मी विचारलं नाही.

वास्तुपुरुषाची तांब्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, तिथं हातभर खड्डा करून ठेवा, असं भटजींनी सांगितलं होतं. नवऱ्यानं पहार घेतली आणि ईशान्येच्या कोपऱ्यात खणायला लागला. मी तिथंच सारवत होते. आग्नेय म्हणजे चुलीचा कोपरा, एवढं कुठल्याही बाईला कळतं. पण सासूबाई खडीवर गेलेल्या, मग सांगणार कोणामार्फत? खाली कडक मुरूम होता. अर्धा दिवस त्यानं घाम गाळला आणि अर्धा दिवस मी बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आईला "आंब्याची पानं बघतो" म्हणून गेला, तो पाच दिवस आलाच नाही. आंबे काय काश्मीरला लागतात का, असं मी सासूबाईंना विचारलं.

पूजेच्या सकाळी तो आला. खांद्यावर पानांचा भारा, हातात दावं आणि दाव्याला माझी गाय. ती चांगली भरली होती, अंगावर चकाकी आली होती. चालून फुटलेल्या त्याच्या दोन्ही पायांना फडकी गुंडाळलेली होती. "गाय पयली आत जायला पायजे म्हनं," तो आईला म्हणाला.

गाय पहिली आत गेली. जाताना अर्धं तोरण खाल्लं आणि खोलीच्या मधोमध शेण टाकलं. भटजी म्हणाले, फार शुभ.

आम्ही पाटावर बसलो. त्याच्या उपरण्याची माझ्या पदराशी गाठ बांधली. तो आहुती टाकत होता आणि मी रीतीप्रमाणे त्याच्या हाताला हात लावला होता. मग भटजी प्रतिमा घेऊन उठले आणि खड्ड्यापाशी थबकले. "हा कोपरा नव्हे. गाठ सोडू नका, पण आग्नेयेला खणा."

नवऱ्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्यानं पहार उचलली. गाठ बांधलेली, त्यामुळे मलाही उठावं लागलं. तो घाव घालायचा आणि प्रत्येक घावाला माझा पदर ओढला जायचा. फडक्यांतून रक्त आलं होतं. नव्या सारवणावर त्याचे डाग पडत होते. मला माझी लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं आणि भटजी गेले. नवरा भिंतीला टेकून पाय पसरून बसला. आता गाय दारात होती, माझा हट्ट पुरा झाला होता, मला बोलायला हरकत नव्हती. गाय रिकामी गव्हाण चाटत होती. चाटून झाल्यावर तिनं उरलेलं तोरण ओढून खाल्लं आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली. घरात मूठभर कडबा होता. मी तो तिच्यापुढे टाकला. तोही लगेच संपला.

नव्या घरात वाईट बोलायचं नव्हतं, म्हणून मी शब्द जुळवून घेतले. मग त्याच्यासमोर जाऊन बसले.

"तुमचं पाय बरं झालं की तिला परत बेलापूरला न्या. तिकडं जगंल ती."

चार महिन्यांनी माझा आवाज ऐकून तो इतका दचकला की त्याला शब्द कळलेच नाहीत.

"काय म्हनलीस?" त्यानं विचारलं.

मला ते पुन्हा म्हणावं लागलं.