परदेशातल्या टेबलावर मी आईला नाकारलं

“आरं, ह्यो तर आमच्या पारीचा! गोठ्यातल्या पारीचा!”

मोबाईलच्या पडद्यावर आमच्या गावचे पाटील हसत होते. मागं सून, पुतणे, सगळे वाकून बघत होते. मी जर्मनीत, नाताळच्या दुपारच्या जेवणाला बसलेला. पाटील राहुरी तालुक्यात, आपल्या ओसरीवर.

“काय रं, परदेशात जाऊन आमच्या घरातला झालास व्हय? आईला म्हनावं, शेनाची पाटी ठिव आन माजघरात येऊन बस!”

सगळी ओसरी हसली. फोन ज्यांचा होता ते विलासरावही हसले. मग माझ्याकडं बघून थांबले.

हे तेव्हा मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वय सत्तेचाळीस. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिकडं गेलो होतो. नाताळात संस्था बंद, वसतिगृहाला कुलूप. अशा वेळी तिथली कुटुंबं परदेशी माणसांना सुट्टीभर घरी ठेवून घेतात. माझ्या वाट्याला हिल्डा आणि कार्ल आले, दोघं सत्तरीतले. पहिल्याच दिवशी कार्लनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि हातात बटाटे सोलायची सुरी दिली. मी कोण, कुणाचा, कुणीच विचारलं नाही.

मला घरची आठवण येत असेल म्हणून हिल्डानं नाताळच्या जेवणाला जवळच्या शहरातलं मराठी जोडपं बोलावलं. विलासराव मूळचे देवळालीकडचे, घरी उसाची बागाईत, स्वतः जर्मनीत इंजिनिअर. दारातनंच ओरडले, “राम राम पाव्हणं! गाव कंचं?”

तीन महिन्यांनी आपली बोली कानावर आली. मी विरघळलो. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आमचं आडनाव गावात पाटलांचंही आहे आणि आमच्या बौद्धवस्तीतही.

“म्हंजी पाटलांच्या भावकीतले! आपलेच की!”

मी म्हणालो, “व्हय.”

कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्याच तोंडानं म्हणालो. मग ते टिकवायला पुढचं बोलत गेलो. वाड्याला दारं किती, विहीर कुठल्या अंगाला, चिंच कधी पडली. सगळं बरोबर. ते घर मला पाठच होतं. आई चाळीस वर्षं तिथला गोठा काढत होती. लहानपणी तिच्याबरोबर मी शेण उचललंय. माहिती खरी होती, बघणारा तेवढा खोटा होता.

विलासरावांच्या बायकोनं पुरणपोळ्या आणल्या होत्या. “घ्या भावजी, लाजू नका,” म्हणत हातानं वाढत होत्या. आमच्याकडं नातं निघाल्याशिवाय जेवण पुढं सरकत नाही. विलासरावांची मावसबहीण पाटलांच्या घरात दिलेली निघाली. “थांबा, लावतोच व्हिडिओ कॉल. भावकीतला मानूस घावला म्हनतो!” मी नको नको म्हणतोय तोवर पाटील पडद्यावर.

पुढचं वर सांगितलंच.

वहिनींनी डब्याला झाकण लावलं. “त्यांचं झालं असंल,” नवऱ्याला म्हणाल्या. मला नाही. भावजी संपला.

हिल्डानं विचारलं, कशाला हसताय? विलासराव इंग्रजीत म्हणाले, काही नाही, गावाकडची गंमत.

मी उठायला खुर्ची मागं सारली. तेवढ्यात फोनमधनं पाटलांची सून बोलली, “पारीला बोलवा की कुनीतरी, पोरगं पाटील झालं म्हनावं!” ती माझ्यापेक्षा लहान. आई बहात्तर वर्षांची.

मी बसलो. विलासरावांच्या हातातला फोन घेतला.

“पाटील, मी खोटं बोललो. त्याची माफी मागनार हाय. पन तुमची न्हाई, आईची. आन तिला पारी म्हनायचं आता बास.”

“लई शाना झालास रं!”

“उशिरा झालो,” म्हणालो आणि फोन बंद केला.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत हिल्डाला आणि कार्लला सगळं सांगितलं. कोण हसलं, का हसलं, मी काय खोटं बोललो. शेणाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं, माझ्या कामातलाच शब्द.

विलासराव मराठीत पुटपुटले, “कशाला उगा यांच्यापुढं? आपलं आपल्यात ठिवावं.”

“आपलं कसलं, विलासराव? आत्ताच डबा झाकला तुमी.”

कॉफीच्या आधी ते दोघं निघून गेले.

कार्लनं एकच विचारलं, “तुझी आई अजून तिथं काम करते? का?”

गावात विचारणाऱ्याला मी सांगायचो, तिला सवय आहे, बसवत नाही. त्या टेबलावर ते तोंडातून निघेना. खरं असं की आमच्या वस्तीची वाट पाटलांच्या बांधावरून जाते. वाकडं आलं की वाट बंद. सरकारी पगार घेणाऱ्या मी त्या वाटेपायी आईला त्यांच्या गोठ्यात ठेवलं होतं. एकट्या पाटलांनी नाही. मीही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. सांगितलं.

ती म्हणाली, “मंग मला कोन म्हनून सांगितलंस?”

“तुझं नावच घेतलं न्हाई.”

“हं.”

“आई, आता जाऊ नको तिथं.”

“तू नगं सांगू. पाटलाचं ऐकलं, आता तुझं ऐकू व्हय? माझं मी बघती.”

तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर जाऊन काम सोडल्याचं तोंडावर सांगून आली. आठवड्यात बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या, वाट बंद.

परत आल्यावर मी गावनकाशाची नक्कल काढली. वाट नकाशात आहे. तहसीलला अर्ज दिला. ग्रामसभेत उभा राहिलो तेव्हा आधी स्वतःचं खोटं सांगितलं, मग वाटेचं बोललो. अजून तारखा पडताहेत. वस्तीतलेच काहीजण म्हणतात, मिटवून टाक. मिटवणार नाही. ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद वाट मोकळी करून घेणार.

आईनं मला माफ केलं का, माहीत नाही. विचारणार नाही. ते मागून घ्यायची गोष्ट नाही.

पण आता कुणी गाव विचारलं, आडनाव विचारलं, की पुढचं तो चाचपायच्या आत मीच सांगतो. बौद्ध. अमुक वस्तीतला. आईनं गोठे काढून शिकवलेला. सांगतो आणि ताट पुढं ओढतो. मी उठणार नाही. ज्याला उठायचंय त्यानं उठावं.